दिसायला सेम, डीएनए वेगळा : समुद्रातल्या खसखशीएवढ्या कवचांनी शास्त्रज्ञांना कसं चकवलं?

वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी आजच्यापेक्षा किती गार होतं, हे शास्त्रज्ञ बिनधास्त सांगतात. तेव्हा ना थर्मामीटर होता, ना हवामान खातं. मग यांना हे कळतं कुठून?

बऱ्याच वेळा समुद्राच्या तळाच्या चिखलातून. या चिखलात कोट्यवधी बारीक कवचं असतात. खसखशीच्या दाण्याएवढी, बहुतेक तर त्याहूनही लहान. ही कवचं फोरामिनिफेरा नावाच्या जीवांची. जीव जिवंत असताना पाणी कसं होतं, याची नोंद त्याच्या कवचात राहते. चिखलाचा थर जितका खालचा, तितकी नोंद जुनी.

पण ही नोंद वाचायला एक अट आहे. कवच नेमकं कुणाचं, हे बरोबर ओळखता आलं पाहिजे. शंभर-दीडशे वर्षं ही ओळख कवचाच्या आकारावरूनच व्हायची. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी या जीवांचा डीएनए वाचायला घेतला आणि लक्षात आलं की एकाच नावाखाली कधी दोन, कधी तीन, कधी त्याहूनही जास्त वेगळे जीव बसलेले आहेत. दिसायला सेम, आतून वेगळे. अशा जोड्यांना जीवशास्त्रात गूढ प्रजाती म्हणतात.

फोरामिनिफेरा म्हणजे काय?

शाळेत अमीबा शिकला असाल. एकच पेशी आणि हातपाय म्हणून छद्मपाद. फोरामिनिफेरा हेही एकपेशीय जीव, पण यांना घर असतं. बहुतेकांचं घर कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे शंखशिंपले आणि चुनखडी ज्याची बनते त्याच पदार्थाचं. जीव वाढला की घराला एक नवी खोली जोडतो, मग आणखी एक. या खोल्यांना आतून जोडणारी भोकं असतात. लॅटिनमध्ये भोकाला फोरामेन म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. कवचाच्या बाहेर हा जीव बारीक धाग्यांसारखे छद्मपाद पसरतो आणि त्यातच खाणं पकडतो.

यांच्या हजारो प्रजाती समुद्राच्या तळाशी राहतात. इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडच्या दगडात नाण्यांसारख्या चकत्या दिसतात, त्या न्युम्युलाइट नावाच्या मोठ्या फोरामिनिफेरांच्याच आहेत. पाण्यात तरंगत जगणारे मात्र मोजकेच. कवचाच्या आकारावरून ओळखता येतात ते साधारण पन्नास. जुनं हवामान शोधणाऱ्यांची सगळी मदार मुख्यतः या पन्नासांवर, कारण ते वरच्या पाण्यात जगतात आणि मेल्यावर त्यांची कवचं तळाशी जाऊन साठतात. खोल समुद्राच्या बऱ्याच भागात तळाचा चिखल म्हणजे मुख्यतः ही कवचंच असतात.

कवचाचा थर्मामीटर कसा चालतो?

कवच बनवताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियमही शिरतं. पाणी जितकं कोमट, तितकं मॅग्नेशियम जास्त. ढोबळमानाने एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की कवचातलं मॅग्नेशियमचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं. ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाणही असंच मोजतात. तिसरी पद्धत अगदी सोपी, ती म्हणजे मोजणी. थंड पाण्यातली कवचं किती आणि कोमट पाण्यातली किती, हे मोजून तेव्हाचं पाणी कसं होतं ते ठरवायचं.

तिन्ही पद्धतींत गणित प्रजातीनुसार बदलतं. एक प्रजाती अगदी वरच्या पाण्यात राहते, दुसरी शंभर मीटर खाली. एकीची वाढ उन्हाळ्यात जास्त, दुसरीची हिवाळ्यात. आता कल्पना करा, महाबळेश्वरचं तापमान आणि महाडचं तापमान एकाच वहीत, एकाच गावाच्या नावाने लिहिलंय. दोन्ही गावं जवळजवळ, दोन्ही आकडे खरे. पण सरासरी काढली तर ती ना महाबळेश्वरची, ना महाडची. चुकीच्या ओळखीने कवचांचं नेमकं हेच होतं.

डावं वळण, उजवं वळण

या गोंधळाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ध्रुवाकडच्या थंड समुद्रातलं आहे. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा हे त्या जीवाचं नाव. नाव मोठं असलं तरी जीव अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. याच्या खोल्या शंखासारख्या गोल वळत जातात. काहींचं वळण डावीकडे, काहींचं उजवीकडे.

पूजेतला दक्षिणावर्ती शंख माहीत असेल. नेहमीच्या शंखाच्या उलट वळणाचा म्हणून तो दुर्मीळ आणि म्हणून महाग. पण तो जीव काही वेगळा नसतो. त्याच प्रजातीत लाखांत एखादा उलटा निघतो, इतकंच. पॅकिडर्माबद्दलही समज साधारण असाच होता, की प्रजाती एकच, वळणं दोन.

फरक इतकाच की इथे वळणाचा संबंध पाण्याच्या गारठ्याशी दिसत होता. अति थंड पाण्यात जवळजवळ सगळे डावे आणि जरा कोमट पाण्यात उजवे. १९५९ मध्ये डेव्हिड एरिक्सन या अमेरिकन संशोधकाने 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की हे वळण हवामानाची खूण म्हणून वापरता येईल. कल्पना झकास होती. महागडं यंत्र नको, सूक्ष्मदर्शकाखाली डावे-उजवे मोजा आणि पाणी किती गार होतं ते सांगा. पुढची कित्येक दशकं उत्तर अटलांटिकमधल्या हिमयुगांचा इतिहास याच मोजणीच्या आधारे लिहिला गेला.

मोजणी चालतही होती. पण का चालते, याचं प्रचलित स्पष्टीकरण चुकीचं निघालं. समज असा होता की जीव तोच आहे आणि थंडीमुळे तो आपलं वळण बदलतो.

एडिनबरा विद्यापीठाच्या केट डार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रांतून हे जीव गोळा करून त्यांचा डीएनए वाचला. डावे आणि उजवे यांच्यातला फरक इतका मोठा निघाला की ते एकाच प्रजातीचे असणं शक्य नव्हतं. ते लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले होते. थंडीने वळण बदलत नव्हतं. थंड पाण्यात एक प्रजाती राहत होती आणि कोमट पाण्यात दुसरी. २००६ मध्ये या गटाने उजव्यांना वेगळं नाव द्यायचा प्रस्ताव मांडला, निओग्लोबोक्वाड्रिना इन्कॉम्प्टा. हे नाव नवं नव्हतं. १९६१ मध्येच एका संशोधकाने ते सुचवलं होतं, पण नंतर ते मागे पडलं.

यात सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच होती. दोन्ही प्रजातींत थोडे उलट वळणाचेही निघतात, दक्षिणावर्ती शंखासारखे. प्रमाण साधारण ३ टक्क्यांच्या आत. म्हणजे कडाक्याच्या थंड पाण्यातही शंभरातले दोन-तीन उजवे सापडणारच, आणि ते पॅकिडर्माच असणार. आधी अशा एखाद्या थरात दोन टक्के उजवे दिसले की पाणी थोडं कोमट झालं होतं, असा अर्थ काढायचा मोह व्हायचा. आता कळलं की ती गरमी नाही, नुसता जन्मजात अपवाद आहे. हिमयुगातल्या एखाद्या थरात हा फरक बारीक वाटला, तरी समुद्र कधी तापायला लागला याची तारीख त्यावरून पुढेमागे होऊ शकते.

शिवाय डाव्यांमध्येही सगळे एक नाहीत. उत्तर ध्रुवाकडचे आणि दक्षिण ध्रुवाकडचे पॅकिडर्मा दिसायला सारखे, पण डीएनएने वेगळे. मधल्या गरम पट्ट्यातून त्यांची ये-जा होत नसावी. उलट त्यांच्यापेक्षा थोड्या कमी थंड पाण्यातल्या काही प्रजातींचा डीएनए दोन्ही टोकांना तंतोतंत जुळला. २०००च्या त्या अभ्यासाचा अर्थ असा की हे जीव विषुववृत्त ओलांडून एकमेकांत मिसळत आले आहेत. अर्धा मिलिमीटरचा जीव, ज्याला धड पोहताही येत नाही!

एका पेशीचा डीएनए काढतात कसा?

बारीक जाळी बोटीमागून ओढतात किंवा पाण्यात खोल सोडून वर खेचतात. जाळीत जे येतं ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, चित्रकाराच्या बारीक ब्रशने एकेक फोरामिनिफेरा उचलतात. फोटो काढतात आणि एका नळीत एकच कवच टाकतात. पुढचं काम पीसीआरचं. कोव्हिडच्या काळात घराघरांत पोचलेला तोच शब्द. नाकातल्या नमुन्यातले विषाणूचे मोजके रेणू पीसीआर ज्या पद्धतीने वाढवतो, त्याच पद्धतीने इथे एका पेशीतल्या एका ठरावीक जनुकाच्या लाखो प्रती काढतात. हे जनुक रायबोसोमशी, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राशी संबंधित आहे. त्यातली साधारण हजार अक्षरं वाचायची आणि दोन जीवांची अक्षरं शेजारी ठेवून जुळवायची.

सुरुवातीला एक मोठी पंचाईत होती. डीएनए काढायला कवच फोडावं लागायचं. म्हणजे हा जीव वेगळा आहे हे कळायचं, पण त्याचं कवच नीट बघायला हातात काही उरायचं नाही, फक्त फोटो. चिखलातल्या जुन्या कवचांत तर वाचण्याजोगा डीएनए सहसा उरलेलाच नसतो. मग डीएनएने सापडलेला फरक जुन्या कवचांत शोधायचा कसा?

पुढे असं रसायन वापरात आलं की ज्यात पेशी विरघळते आणि कवच शाबूत राहतं. ही सोय झाल्यावर उलटा प्रवास सुरू झाला. आधी डीएनएने वेगळं करायचं, मग त्याच कवचांकडे परत जाऊन, फरकाची काही खूण आधी नजरेतून सुटली होती का, ते बघायचं.

बऱ्याच वेळा ती सुटलेलीच होती. ऑर्बुलिना युनिव्हर्सा हा जीव मोठा झाला की पिंगपाँगच्या बॉलसारखा गुळगुळीत गोल होतो. बाहेरून ओळखायला काही खूणच नाही. डीएनएने त्याचे तीन प्रकार केले. मग कवचावरची सूक्ष्म छिद्रं मोजली, तर त्यांचा आकार आणि दाटी प्रकारानुसार बदलत असल्याचं दिसलं. छिद्रं आधीही दिसत होती, पण त्यांतला फरक पाण्याच्या तापमानामुळे पडतो असं मानलं जायचं.

पांढरा रुबर, गुलाबी रुबर

उष्ण समुद्रांचं तापमान काढायला सर्वात जास्त वापरला जाणारा जीव म्हणजे ग्लोबिजेरिनॉयडीस रुबर. रुबर म्हणजे लाल. याची काही कवचं खरंच गुलाबी असतात, काही पांढरी. अटलांटिकमध्ये आज दोन्ही सापडतात. हिंदी आणि पॅसिफिक महासागरातून गुलाबी रुबर साधारण १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्यामुळे अरबी समुद्रातल्या चिखलाच्या नळकांड्यात खाली खाली जाताना गुलाबी कवचं दिसायला लागली, की आपण कुठल्या काळात पोचलो हे लगेच कळतं. फुकटचं कॅलेंडरच म्हणा.

खरी अडचण पांढऱ्यांची होती. त्यांच्यात काही कवचं सुबक, गोलसर खोल्यांची आणि काही जराशी दबलेली, घट्ट वळणाची. दोन्हींचे रासायनिक आकडेही वेगळे येतात, हे २०००च्या सुमारास दक्षिण चीन समुद्रातल्या कवचांवरून लक्षात आलं होतं. तरी बरेच जण सोयीसाठी दोन्ही एकत्रच मोजत राहिले. २०११ मध्ये डीएनएने निकाल लावला. दबलेला प्रकार रुबर नाहीच. त्याला एलाँगेटस हे १८२६ मधलं जुनं नाव परत मिळालं. गंमत म्हणजे एलाँगेटसचं जवळचं नातं रुबरशी नसून काँग्लोबेटस नावाच्या तिसऱ्याच, दिसायला बऱ्यापैकी वेगळ्या प्रजातीशी निघालं. ज्यांना जुळे भाऊ समजत होते, ते सख्खे भाऊसुद्धा नव्हते.

हॅस्टिजेरिना पेलाजिकाची गोष्टही अशीच. २०१२ मधल्या एका अभ्यासात याचे दोन प्रकार एकाच जागी, पण वेगवेगळ्या मजल्यांवर राहताना आढळले. एक साधारण शंभर मीटरच्या वर, दुसरा त्याच्या खाली. दोघांची कवचं एकत्र करून तापमान काढलं तर ते नेमकं कुठल्या मजल्याचं, हे सांगता येणार नाही.

कधी कधी उलटंही होतं

डीएनए आला की प्रत्येक वेळी प्रजाती वाढतातच असं नाही. ट्रायलोबेटस सॅक्युलिफरचं उदाहरण घ्या. याच्या कवचांचे चार आकार ओळखले जात होते आणि चारांना चार नावं होती. त्यातला एक तर शेवटची खोली पिशवीसारखी लांबट करतो, इतका वेगळा दिसतो. २०१३ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांतल्या नमुन्यांचा डीएनए तपासला आणि चौघेही एकच निघाले. पॅकिडर्मात फरक छोटा वाटत होता, तिथे प्रजाती दोन होत्या. इथे फरक ठळक होता आणि प्रजाती एक. कुठला फरक महत्त्वाचा आणि कुठला नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

मान्सूनचा याच्याशी काय संबंध?

जूनमध्ये नैर्ऋत्य मान्सूनचे वारे जोर धरतात, तेव्हा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालून गार पाणी वर येतं. त्यात पोषक द्रव्यं भरपूर असतात, म्हणून सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्या मागोमाग ग्लोबिजेरिना बुलॉयडीस नावाचा फोरामिनिफेरा प्रचंड वाढतो. म्हणून तळाच्या ज्या थरात बुलॉयडीसचं प्रमाण जास्त, त्या काळात मान्सूनचे वारे जोरदार, असं वाचलं जातं. पावसाचे मिलिमीटर यातून थेट मिळत नाहीत, मिळतो तो वाऱ्याचा जोर.

आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या चिखलातला हाच जीव मोजून गेल्या दहा हजार वर्षांतल्या मान्सूनचे चढउतार काढले. २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या या अभ्यासात दिसलं की उत्तर अटलांटिक थंडावला, की मान्सूनचे वारेही मंदावलेले आढळतात. गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या तळातले फोरामिनिफेरा अभ्यासते. म्हणजे कोकणात दर जूनला ज्याची वाट बघतात, त्या पावसाची जुनी वही बऱ्याच अंशी या कवचांत आहे.

आणि नेमका बुलॉयडीसच डीएनएच्या तपासणीत एक नाही. या नावाखाली अनेक प्रकार निघाले, ढोबळमानाने काही उष्ण पाण्यातले आणि काही थंड पाण्यातले. पूर्वी बुलॉयडीस ही मुख्यतः थंड समुद्रातली प्रजाती मानली जायची. अरबी समुद्रात ती दिसते ती वर आलेल्या गार पाण्यामुळे, असं स्पष्टीकरण सोपं वाटायचं. उष्ण पाण्यातले प्रकार मुळातच वेगळे असतील, तर इथे तिची वाढ ही गारठ्यापेक्षा वाढलेल्या खाण्याची खूण म्हणून वाचणं जास्त पटतं. मान्सूनचा निष्कर्ष त्याने मोडत नाही, कारण खाणंही वाऱ्यामुळेच वर येतं. पण उत्तर अटलांटिकमधल्या बुलॉयडीसवर बेतलेलं तापमानाचं सूत्र उचलून अरबी समुद्रातल्या कवचांना लावायचं, तर आता दहादा विचार करावा लागतो.

अरबी समुद्राने आणखी एक धक्का दिला. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खोल समुद्रावर तरंगणारा स्ट्रेप्टोकायलस ग्लोबिजेरस हा फोरामिनिफेरा डार्लिंग यांच्या गटाने तपासला. त्याचा डीएनए जुळला तो केनियाच्या किनाऱ्याजवळ तळाशी राहणाऱ्या बोलिव्हिना व्हेरिएबिलिसशी. दोन नावं, दोन वेगळ्या कुळांत ठेवलेले जीव, प्रत्यक्षात एकच. तळाशीही जगतो, तरंगतही जगतो. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच घटनेत तरंगणारे बहुतेक फोरामिनिफेराही संपले होते. तरीही त्यांचा वंश पुढे कसा चालला, याचं एक उत्तर या संशोधकांनी इथे मांडलं. ज्यांना तळाशीही राहता येत होतं, ते वाचले असतील.

मग आता सगळं डीएनएवरच ठरतं का?

नाही, आणि त्याला कारणं आहेत. या जीवांच्या एकाच पेशीत त्या जनुकाच्या खूप प्रती असतात आणि काही प्रजातींत त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणजे एकाच जीवात थोडी वेगवेगळी अक्षरं सापडतात. किती अक्षरं वेगळी निघाली की प्रजाती वेगळी म्हणायची, यावर संशोधकांत मतभेद आहेत. शाळेतली व्याख्या, दोघांना एकमेकांपासून पुढची पिढी होते का ती बघा, इथे उपयोगाची नाही. तरंगणारे फोरामिनिफेरा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवणं अजूनही फार अवघड आहे. म्हणून अनेक प्रकारांना अजून नावंच नाहीत, नुसते क्रमांक आहेत. टाइप वन, टाइप टू, टाइप टू-ए.

जुन्या चिखलातली कवचं मोजणारा संशोधक तर अजूनही सूक्ष्मदर्शक आणि ब्रश घेऊनच बसतो. त्याच्या हाताशी डीएनए नसतोच. फक्त आता तो वळण डावं की उजवं हे बघतो, खोली दबलेली आहे का ते बघतो, छिद्रं मोजतो आणि रुबर व एलाँगेटस दोन वेगळ्या रकान्यांत लिहितो. जुन्या अभ्यासांत दोघांचा रकाना एकच असेल, तर जपून ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा बाहेर काढून कवचं नव्याने मोजण्याशिवाय इलाज नसतो.